व्हीपीएनचा सहा आकडी कोड रोज टाइप न करता लॉगिन कसं करावं

ऑफिसच्या व्हीपीएनला, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये जाण्याच्या सुरक्षित जोडणीला, लॉगिन करायचं तर लॅपटॉप उघडायचा, पासवर्ड टाकायचा, मग फोन शोधायचा, ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला कोड बघायचा आणि शेवटचा आकडा टाकेपर्यंत तो बदललेला असतो. दिवसातून तीनदा नेट तुटलं तर हे तीनदा. लिनक्सवर ओपनकनेक्ट (openconnect) हा व्हीपीएन जोडणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर ही कटकट संपवता येते.

अ‍ॅपमधला कोड कुठून पाठवला जात नाही. नोंदणी करताना आपण स्कॅन करतो त्या क्यूआर कोडात एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्यावरून, बहुतेक ठिकाणी दर ३० सेकंदांनी, नवा कोड तयार होतो. या पद्धतीला टीओटीपी म्हणतात. २०११ सालच्या आरएफसी ६२३८ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात ती मांडली आहे. किल्ली हाताशी असली की संगणकही तोच कोड काढतो. एसएमएसने येणाऱ्या किंवा फोनवर ‘मंजूर’ दाबायच्या पद्धतीला हा उपाय लागू नाही.

सगळ्यात आधी आयटी विभागाला विचारा. हे टाळू नका. परवानगी मिळाली की नोंदणी नव्याने करा आणि क्यूआरऐवजी अक्षरांतली किल्ली मागून घ्या.

किल्लीवरून कोड काढणारा ओथटूल (oathtool) हा छोटा प्रोग्रॅम बसवून ती तपासा. त्याचा आणि फोनचा कोड एकाच क्षणी जुळला पाहिजे. जुळला नाही तर आधी संगणकाचं घड्याळ बघा, इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवणारी एनटीपी चालू करा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

आता ओपनकनेक्टला टोकन-मोड टीओटीपी असल्याचं (--token-mode=totp) सांगा. किल्ली थेट कमांडमध्ये लिहू नका: ती टर्मिनलमधल्या जुन्या कमांडच्या यादीत, म्हणजे हिस्टरीत, उरते आणि चालू प्रोसेसच्या यादीत त्याच मशीनवरच्या इतरांनाही दिसू शकते. ती वेगळ्या फाइलमध्ये, सुरुवातीला ‘बेस३२’ आणि कोलन देऊन (base32:) ठेवा. फाइलची मालकी रूटकडे (मशीनच्या मुख्य खात्याकडे), परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी. टोकन-सीक्रेट (--token-secret) या पर्यायात ‘ॲट’च्या (@) चिन्हापुढे फाइलचा पत्ता द्या. पासवर्ड मात्र डेस्कटॉपच्या कीरिंगमध्ये (पासवर्ड जपून ठेवणाऱ्या तिजोरीत) ठेवून, सीक्रेट-टूल (secret-tool) या कमांडने काढून ओपनकनेक्टच्या स्टँडर्ड इनपुटला द्या, म्हणजे तो टाइप करावा लागत नाही.

पासवर्ड आणि किल्ली एकाच लॅपटॉपवर आली की ओळख पटवणाऱ्या दोन वेगळ्या घटकांचा एकच घटक होतो. लॅपटॉप चोराच्या हाती उघडा लागला तर ऑफिसचं दारही उघडं. त्यामुळे डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर हे करूच नका.

माझी पसंती याहून वेगळ्या मांडणीला आहे: किल्ली युबिकी या यूएसबीला लावायच्या छोट्या सुरक्षा-उपकरणामध्ये ठेवायची आणि नोंदवताना ‘स्पर्श आवश्यक’ निवडायचं. ओपनकनेक्टमध्ये त्यासाठी युबिओथ (yubioath) हा टोकन-मोड आहे. मग टायपिंग मशीन करतं, पण बोट लावल्याशिवाय कोड निघत नाही आणि किल्ली लॅपटॉपवर उरतच नाही.

रात्री आपोआप चालणाऱ्या बॅकअपसारख्या कामाला बोट लावायला कुणी नसतं. तिथे माणसाचा ओटीपी (हा एकदाच वापरायचा कोड) वापरू नका; त्या मशीनसाठी स्वतंत्र खातं आणि ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र आयटी विभागाकडे मागा, म्हणजे गरज पडली तर तेवढंच रद्द करता येतं.