या चुका टाळा : ‘बत्तीस’ची काडतुसं आणि गोळीच्या ताकदीबद्दलचे गैरसमज

ग्वाल्हेर-चंबळ भागात परवान्याचं हत्यार बाळगणारे पुष्कळ. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांतही विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, “बत्तीसनं काय होणार? नाइन एमएम लागली की माणूस मागे उडतो!”

बत्तीस म्हणजे सुमारे .32 इंच बोअरचं (नळीच्या आतल्या व्यासाचं) हत्यार, आणि नाइन एमएम म्हणजे 9 मिलिमीटरचं. पण माणूस मागे वगैरे उडत नाही. गोळीचा जेवढा धक्का समोरच्याला बसतो, त्याहून जास्त झाडणाऱ्याच्या हाताला बसतो. माणूस तत्काळ थांबतो तो मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली तरच. नाहीतर पुरेसा रक्तस्राव होईपर्यंत तो हालचाल करू शकतो. 11 एप्रिल 1986 रोजी मायामीतल्या चकमकीत एफबीआयची (अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेची) नाइन एमएम गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडेच थांबली. तो लढतच राहिला. दोन एजंट मारले गेले. एफबीआयनं आधी मोठा बोअर घेतला, पण गोळ्यांची घडण सुधारल्यावर पुन्हा नाइन एमएमकडेच वळली. आपल्याकडे तर नाइन एमएम निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला परवाना न मिळणाऱ्या प्रकारात मोडते, त्यामुळे साध्या परवानाधारकानं ती तुलना सोडूनच द्यावी.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच चुकीची. ‘बत्तीस’ नावाची काडतुसं दोन आहेत. कानपूरच्या कारखान्यातलं रिव्हॉल्व्हर .32 एस अँड डब्ल्यू लाँग वापरतं. त्याच्या पितळी कवचाची लांबी सुमारे 23 मिमी. पिस्तुलाचं .32 एसीपी आखूड, सुमारे 17 मिमी. हे आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये (काडतूस भरायच्या खाचेत) बसतं, म्हणूनच घोटाळा होतो. त्याचा दाब मात्र जास्त असतो, आणि जुन्या रिव्हॉल्व्हरला तो झेपेलच असं नाही. दुकानात नुसतं “बत्तीसची द्या” म्हणू नका. पूर्ण नाव सांगा, काडतुसाच्या बुडावरचा छाप वाचून घ्या.

वरातीतला हर्ष फायर, म्हणजे आनंदात हवेत केलेला गोळीबार, तर नकोच. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी गच्चीवर उतरते. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) घोडा पडला पण बार उडाला नाही, तर लगेच उघडून बघू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान 30 सेकंद थांबा. दारू उशिरा पेटू शकते. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर दुसरा बार काढूच नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. हत्यार रिकामं करा आणि परवानाधारक कारागिराकडे द्या.