संस्थेच्या कामासाठी संस्थेचा उद्योग: सुरू करताना आणि चालवताना

देणग्या आणि अनुदाने यांवर चालणाऱ्या प्रत्येक सेवाभावी संस्थेसमोर कधी ना कधी हा प्रश्न उभा राहतो, की आपणच काही वस्तू विकून किंवा सशुल्क सेवा देऊन कामासाठी पैसा का उभा करू नये? अनुदान ठरावीक प्रकल्पासाठी येते आणि प्रकल्पाची मुदत संपली की थांबते. कार्यालयाचे भाडे, हिशेबनिसाचा पगार, गाडीची दुरुस्ती असे खर्च त्यात सहसा बसत नाहीत. स्वतःच्या उद्योगातून आलेला पैसा मात्र कोठे खर्चायचा हे संस्थेला स्वतः ठरवता येते. ही ओढ रास्त आहे आणि ती नवीही नाही. बॉस्टनमध्ये १९०२ साली एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने सुखवस्तू घरांतून वापरलेले कपडे आणि सामान गोळा केले, गरजू लोकांना कामाला लावून ते दुरुस्त करवून घेतले आणि विकायला काढले; गुडविल इंडस्ट्रीज ही संस्था त्यातूनच वाढली. तेव्हा उद्योग करावा की करू नये यावर फार काळ घालवण्याची गरज नाही. तो कशासाठी करायचा आणि त्याचा खरा खर्च किती, या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी असावीत, एवढा आग्रह मात्र धरावा. मी जवळून पाहिलेले जे उद्योग फसले, त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत ही उत्तरे कोणी लिहूनच ठेवली नव्हती.

आधी उद्देश ठरवा

संस्थेच्या उद्योगाचे तिच्या मूळ कामाशी तीन प्रकारचे नाते असू शकते. पहिल्या प्रकारात उद्योग हेच काम असते. न्यूयॉर्क राज्यातील यॉन्कर्स शहरात ग्रेस्टन बेकरी आहे. बर्नी ग्लासमन यांनी १९८२ साली सुरू केलेल्या या बेकरीत कामाला घेताना उमेदवाराचे शिक्षण, अनुभव किंवा तुरुंगवास यांची चौकशी होत नाही. नाव नोंदवायचे आणि जागा रिकामी झाली की क्रमाने काम मिळवायचे. येथे रोजगार हाच उद्देश आहे आणि ब्राउनी हे त्याचे साधन. दुसऱ्या प्रकारात संस्था जी सेवा देते तीच परवडणाऱ्यांना पैसे घेऊन आणि न परवडणाऱ्यांना विनामूल्य किंवा अत्यल्प दरात देते. डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांनी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली मदुराईत ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले, ते याच तत्त्वावर वाढले. पुढे डोळ्यांत बसवायची भिंगे आयात करणे महाग पडते म्हणून १९९२ साली त्यांनी ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला. तिसऱ्या प्रकारात उद्योगाचा कामाशी काही संबंध नसतो, त्याचे उत्पन्न तेवढे कामाला लागते.

या तिघांपैकी एक निवडा आणि तसा ठराव कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवा. "रोजगारही मिळेल, पैसाही येईल आणि संस्थेचे नावही होईल" असे तिन्ही हेतू एकाच ठरावात घातले, तर पुढे वाद झाला की प्रत्येक सभासद आपल्याला सोयीचा हेतू पुढे करतो आणि निर्णय होत नाही. निवडीवरून बाकीचे बरेच काही ठरते. रोजगारासाठी चालवलेल्या उद्योगात माणसे कमी करून यंत्र आणणे हा मूळ हेतूवरच घाला ठरेल. केवळ उत्पन्नासाठी चालवलेल्या उद्योगात तेच यंत्र न आणणे ही लाभार्थ्यांच्या पैशांची नासाडी ठरेल. सशुल्क सेवेच्या प्रकाराबद्दल माझा ओढा उघड आहे. जे काम संस्थेला आधीच उत्तम येते, त्यालाच तेथे किंमत मिळते. नवी संस्था असेल तर शोध येथूनच सुरू करावा: तुमची प्रशिक्षणे, तपासण्या, पाहणी-अहवाल किंवा रोपवाटिका यांपैकी कशासाठी बाहेरचे लोक आजही विचारणा करतात, याची यादी काढावी.

खरा खर्च एका कागदावर मांडा

संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हा आहे, म्हणून तो उदाहरणाने पाहू. एका संस्थेच्या शिवणकेंद्रात महिला कापडी पिशव्या शिवत. विक्री १०० धरली, तर केंद्राच्या वहीत कापड, धागा आणि छपाई यांचे ४२, शिलाईच्या मजुरीचे २८, वाहतूक आणि वेष्टनाचे ८ आणि विक्रेत्याच्या कमिशनचे १० असा एकूण ८८ खर्च दिसे. उरलेले १२ वार्षिक अहवालात नफा म्हणून छापले जात आणि सर्वांना समाधान वाटे.

नंतर वहीत न आलेल्या गोष्टी शेजारच्या रकान्यात लिहून काढल्या. केंद्र संस्थेच्याच सभागृहात चालत असल्याने भाडे नव्हते. तेवढी जागा बाहेर घेतली असती तर ६ पडले असते. केंद्राचे सारे समन्वय करणाऱ्या ताईंचा पगार शिक्षण प्रकल्पातून निघत होता, पण त्यांचा अर्धा दिवस केंद्रातच जाई, त्याचे ९. यंत्रे देणगीत मिळाली होती, परंतु ती कधीतरी बदलावी लागणारच, म्हणून घसारा ३. गोदामात रंग उडालेल्या, जुन्या छपाईच्या पिशव्यांचे गठ्ठे पडले होते आणि ताळेबंदात ते पूर्ण किमतीने मालसाठा म्हणून धरले होते. त्याचा वास्तव तोटा ४. वीज २. ही बेरीज २४ होते. म्हणजे केंद्राला १२ नफा नव्हता, १२ तोटा होता आणि तो भरून काढत होता शिक्षणासाठी आलेला पैसा, देणगीदारांना किंवा खुद्द संस्थेलाही कळू न देता.

हा कागद पाहून केंद्र लगेच बंद करावे, असा निष्कर्ष निघत नाही. उद्देशाचा ठराव उपयोगी पडतो तो येथे. रोजगार हा उद्देश असेल, तर महिलांच्या हाती २८ पोहोचवण्यासाठी संस्था १२ खर्चते आहे, असा त्याचा अर्थ होतो. हा खर्च योग्य वाटत असेल तर तो उघडपणे अंदाजपत्रकात दाखवावा आणि त्यासाठी स्वतंत्र देणगी मागावी. अनेक देणगीदार ती आनंदाने देतात. उत्पन्न हा उद्देश असेल, तर मात्र तोच आकडा निखळ तोटा आहे आणि भाव, कमिशन, उत्पादन यांपैकी काहीतरी बदलावेच लागेल.

म्हणून वहीत पहिल्या दिवसापासून दोन रकाने ठेवावेत. कोणत्याही साध्या व्यापाऱ्याला जो खर्च आला असता तो पहिल्यात, आणि केवळ आपल्या सामाजिक हेतूमुळे येणारा खर्च दुसऱ्यात. शिकाऊ व्यक्ती दिवसात ६ नग करते आणि सराईत कारागीर १० करतो, तर त्या ४ नगांची तूट, प्रशिक्षकाचा वेळ, पाळणाघर, अपंग कामगारांसाठी केलेला उतार हे सारे दुसऱ्या रकान्यात जाते. पहिला रकाना विक्रीतून भागला पाहिजे; दुसऱ्यासाठी अनुदान घेण्यात कमीपणा मानू नये. दोन्ही एकत्र झाले, की उद्योग कच्चा आहे की समाजकार्य महाग आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

छोटी चाचणी आणि खेळते भांडवल

इमारत, यंत्रे आणि फलक यांच्या आधी विक्री करून पाहा. ओळखीचे लोक आणि देणगीदार यांना केलेली विक्री चाचणीत धरू नये, कारण ते संस्थेवरील प्रेमापोटी एकदा घेतात. अनोळखी ग्राहकाने पूर्ण किंमत देऊन घेतले आणि काही महिन्यांत तो पुन्हा आला, तर त्या वस्तूला बाजार आहे असे समजावे. चाचणीसाठी किती पैसा बुडाला तरी चालेल हा आकडाही आधीच ठरवावा, आणि तो संस्थेच्या मुक्त निधीतून घ्यावा. विशिष्ट कामासाठी मिळालेल्या अनुदानाला येथे हात लावणे म्हणजे देणगीदाराशी केलेला करार मोडणे होय.

चाचणी जमली, तरी खेळत्या भांडवलात संस्था अडकतात. कच्चा माल रोखीने घ्यावा लागतो, मजुरी आठवड्याला द्यावी लागते आणि दुकानदार दोन-तीन महिन्यांनी पैसे देतो. "उधारीचं पोतं सव्वा हात रितं" ही म्हण ज्यांनी केली त्यांना व्यापार कळत होता. बांगलादेशात फझल हसन आबेद यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या ब्रॅक या संस्थेला हीच अडचण आली होती: ग्रामीण कारागीर माल देत आणि ढाक्यातील विक्रेत्यांकडून पैसे यायला आठवडे, प्रसंगी महिने लागत, तोवर कारागिरांच्या घरची चूल अडचणीत येई. कारागिरांना माल देताक्षणी पैसे मिळावेत म्हणून ब्रॅकने १९७८ साली आडोंग ही स्वतःची दुकाने सुरू केली. सर्वांनाच दुकान काढणे शक्य नाही. परंतु माल दिल्यापासून पैसा हाती येईपर्यंत सरासरी किती दिवस जातात हे मोजणे आणि तितक्या दिवसांच्या खर्चाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणे कोणत्याही संस्थेला शक्य आहे. एवढी रक्कम नसेल तर ऑर्डर कमी घ्यावी. मोठी ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात ती पुरी करण्यासाठी प्रकल्पाचे पैसे "तात्पुरते" वळवणे हा सर्वांत जास्त दिसणारा आणि सर्वांत घातक प्रकार आहे.

कायद्याची चौकट

येथे सामान्य सल्ला थोडाच देता येतो, कारण नियम देशागणिक वेगळे आहेत. तत्त्व मात्र बहुतेक ठिकाणी सारखे आहे: सेवाभावी संस्थेला मिळणारी करसवलत तिच्या कामासाठी आहे, बाजारातील स्पर्धकावर कुरघोडी करण्यासाठी नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाच्या हितासाठी १९४७ मध्ये म्यूलर ही मॅकरोनी बनवणारी कंपनी विकत घेतली गेली आणि तिचा नफा करमुक्त असल्याचा दावा झाला. अशा प्रकारांवरून ओरड झाल्यावर अमेरिकेने १९५० साली मूळ कार्याशी असंबंधित व्यवसायाच्या उत्पन्नावर कर बसवला. ब्रिटनने २००५ पासून समाजहित कंपनीचा स्वतंत्र प्रकार उपलब्ध करून दिला, ज्यात मालमत्ता समाजहितासाठीच बांधलेली राहते. भारतात आयकर सवलत टिकवायची तर व्यवसाय उद्देशाला पूरक असणे आणि त्याच्या हिशेबाच्या वह्या स्वतंत्र असणे आवश्यक आहे. शिवाय सर्वसाधारण लोकोपयोगी उद्देशांच्या, म्हणजे शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य अशा कायद्यात नावाने नमूद केलेल्या कामांत न मोडणाऱ्या, संस्थांसाठी व्यापारी स्वरूपाची प्राप्ती एकूण प्राप्तीच्या २० टक्क्यांपर्यंतच मर्यादित आहे.

सनदी लेखापालाकडे जाताना आपल्या घटनापत्राची प्रत, उद्देशाचा ठराव आणि पुढील तीन वर्षांच्या विक्रीचा अंदाज सोबत न्यावा. संस्थेतच उद्योग ठेवायचा की वेगळी कंपनी काढायची, हा प्रश्न त्यांना विचारावा. माझ्या मते उद्योगात कर्ज, अपघात किंवा ग्राहकाच्या दाव्याची जोखीम असेल तेव्हा वेगळी कंपनी बरी, कारण उद्योग बुडाला तरी संस्थेची शाळा किंवा दवाखाना त्याच्याबरोबर जात नाही.

माणसे

"घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं" अशी अवस्था करायची नसेल, तर उद्योगाची जबाबदारी आधीच दमलेल्या प्रकल्प समन्वयकावर टाकू नये. विक्रीची खरी आवड असलेली एक पूर्णवेळ व्यक्ती नेमावी आणि भाव ठरवणे, उधारी नाकारणे, नादुरुस्त माल परत करणे यांचे अधिकार तिला लेखी द्यावेत. तिचा पगार बाजारभावाने असला, तर तो संस्थेतील जुन्या कार्यकर्त्यांच्या मानधनापेक्षा जास्त ठरतो आणि त्यातून कुरबूर होते. ती टाळण्यासाठी नेमणुकीआधीच सर्वांसमोर कारण सांगितलेले बरे. कार्यकारी मंडळावर स्वतः दुकान किंवा कारखाना चालवलेली निदान एक व्यक्ती असावी. लाभार्थी हेच कामगार असतील, तर मायेपोटी उशीर आणि सदोष माल खपवून घेण्याचा मोह होतो. परंतु बाहेरच्या नोकरीत त्यांना जे नियम लागतील ते येथे शिकवले नाहीत, तर आपण त्यांचेच नुकसान करतो.

नफा आणि थांबण्याची रेषा

नफा झाला तर त्याची वाटणीही विक्री सुरू होण्यापूर्वी ठरवावी: किती भाग उद्योगाच्या राखीव निधीत आणि किती संस्थेच्या कामाला. सुरुवातीची दोन-तीन वर्षे बहुतेक रक्कम उद्योगातच ठेवावी, अन्यथा पहिली मंदी आली की पुन्हा देणगीदारांच्या दारात जावे लागते. दर तीन महिन्यांनी मंडळासमोर एकच पान यावे. त्यावर दोन्ही रकान्यांचे आकडे, येणे असलेल्या रकमा किती दिवस जुन्या आहेत, गोदामातील सहा महिन्यांपेक्षा जुना माल आणि उद्देशाचे एक मोजमाप, जसे रोजगाराचे दिवस किंवा विनामूल्य तपासलेले रुग्ण, एवढे पुरे.

त्याच ठरावात थांबण्याची रेषाही लिहावी. उदाहरणार्थ, सलग चार तिमाहींत पहिला रकाना विक्रीतून भागला नाही, किंवा ठरवलेल्या रकमेहून जास्त मुक्त निधी गेला, तर उद्योग थांबेल. ही रेषा उत्साहाच्या दिवसांत आखणे सोपे असते; तोट्याच्या दिवसांत प्रत्येकाला पुढचा हंगाम चांगला जाईल असे वाटते. बंद करताना कामगारांची देणी सर्वांत आधी, मग पुरवठादारांची, अशा क्रमाने भागवावीत, आणि त्यासाठी लागणारी रक्कम राखीव निधीतून सुरुवातीपासूनच बाजूला ठेवलेली असावी. यंत्रे विकण्यापूर्वी ती देणगीत मिळाली असल्यास देणगीदाराची लेखी संमती घ्यावी, आणि शिवणकेंद्रातील महिलांसारख्या कामगारांना काही यंत्रे घरी काम करण्यासाठी देता येतील का, हे त्याच बैठकीत पाहावे.