ह्यूस्टनला राहायला येताय? हवेची तयारी अशी करा

मुंबई-कोकणातून हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टनच्या जिल्ह्यात, येणाऱ्याला इथला घाम आणि डास ओळखीचेच वाटतील. फरक असा, की इथे चार महिन्यांचा पावसाळा नाही. वर्षाचा साधारण 50 इंच पाऊस बाराही महिने विखरून पडतो आणि कधीतरी एकदमच कोसळतो. 2017च्या हार्वे वादळात काउंटीच्या काही भागांत चार दिवसांत 40 इंचांहून जास्त पडला होता.

म्हणून सामान लावायच्याही आधी पुराचा विमा. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत आणि सरकारी योजनेतली पॉलिसी साधारणपणे 30 दिवसांनी लागू होते. वादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर, तेव्हा एप्रिलमध्येच हे काम उरका. भाड्याने राहत असाल तरी सामानापुरता विमा मिळतो. घर बघताना जवळ कोणता बायू, म्हणजे इथली संथ वाहणारी नदी, आहे ते विचारा. नकाशावर घर पूरक्षेत्राबाहेर दिसलं म्हणून गाफील राहू नका. हार्वेत बुडालेली बरीच घरं तशीच होती.

मग एसी. हवेतून ओढलेलं पाणी ज्या बारीक नळीतून बाहेर जातं, तिच्यात शेवाळ साचतं, नळी तुंबते आणि माळ्यावरचं यंत्र थेट छतातून गळायला लागतं. महिन्यातून एकदा त्या नळीत कपभर पांढरं व्हिनेगर ओता. एसीचा पंखा ‘ऑन’वर नको, ‘ऑटो’वर ठेवा, नाहीतर आतल्या थंड कॉइलवरचा ओलावा पुन्हा घरात फिरतो. भारतात महिनाभर जाताना बिल वाचवायला एसी बंद करण्याचा मोह होतो. तसं केलंत तर परत आल्यावर कपाटातल्या पैठणीला बुरशी लागलेली दिसेल. तापमान थोडं वर लावून एसी चालूच ठेवा.

वीज जाणार हे धरूनच चाला. जुलै 2024मध्ये बेरिल वादळाने 20 लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली; काहींना ऐन उकाड्यात आठवड्याहून जास्त काळ काढावा लागला. माणशी रोज एक गॅलन (पावणेचार लिटर) पाणी, औषधं, टॉर्च, पॉवर बँक, थोडी रोकड आणि गाडीत पेट्रोल आधीच हवं. शेगडी विजेची असेल तर पातळ पोहे आणि सुकं खोबरं घरात ठेवा, फोडणीविना का होईना, दडपे पोहे होतात. जनरेटर गॅरेजमध्ये कधीही लावू नका, दार उघडं ठेवूनसुद्धा. त्याच्या धुराने माणसं दगावतात.

थंडीची तयारी कमी, पण अजिबात नाही असं नको. फेब्रुवारी 2021च्या गोठवणाऱ्या थंडीत घरोघरी पाइप फुटले होते. बाहेरच्या नळांवर घालायची आवरणं डिसेंबरआधी आणा आणि घराचं पाणी कुठून बंद होतं ते घरातल्या प्रत्येकाला एकदा दाखवून ठेवा.