ग्राप्पा चाखताना या चुका टाळा

'ग्राप्पा म्हणजे नुसती आग' असं मत झालं असेल, तर बाटलीला दोष देण्याआधी आपण ती कशी चाखली ते तपासा. वाइन काढून झाल्यावर द्राक्षांचा चोथा उरतो: साली, बिया, थोडा गर. तो भट्टीत गाळून ग्राप्पा ही इटलीची कडक दारू होते. द्राक्षाच्या जातीचा वास मुख्यतः सालीत असतो आणि चांगल्या ग्राप्पात तोच शोधायचा असतो. तो निसटला की हाती उरतं ते फक्त ४० टक्के अल्कोहोल.

इटलीच्या ईशान्येला हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारी घराणी आहेत. बसानो देल ग्राप्पात १७७९ पासून नार्दिनी, जवळच्या स्कियावोनमध्ये १८९८ पासून पोली, फ्रिउलीतल्या पेर्कोतो गावात १८९७ पासून नोनिनो. अशा ठिकाणी भेट दिली की चार-पाच ग्राप्पा एकापाठोपाठ समोर येतात आणि तिथेच बहुतेक गडबड होते. घरी बाटली उघडणाऱ्यांच्या चुकाही याच.

चुकीचा ग्लास, चुकीचं तापमान

शॉट ग्लासात वास साठायला जागाच नसते. मोठ्या पोटाच्या ब्रँडी ग्लासात उलटं होतं: पृष्ठभाग मोठा, त्यात हाताची ऊब, त्यामुळे अल्कोहोलची वाफ आधी नाकावर येते. उंच दांड्याचा, मध्ये किंचित फुगीर आणि वर निमुळता होणारा छोटा ट्युलिप ग्लास घ्या. २० ते २५ मिली पुरे. ग्लास दांड्यालाच धरा. साबणाचा किंवा ओल्या फडक्याचा वास राहिला असेल तर चाखणं तिथेच संपलं. म्हणून ग्लास गरम पाण्याने खळखळून धुवा, उपडा ठेवून वाळवा आणि ओतण्याआधी रिकाम्या ग्लासाचा वास घेऊन बघा.

फ्रिजरमधली ग्राप्पा गुळगुळीत लागते, कारण थंडीत वासाचे घटक वरच येत नाहीत. दोषही लपतात आणि गुणही. लाकडात न मुरवलेली तरुण ग्राप्पा १० ते १२ अंशांवर चाखा, मुरवलेली १६ ते १८ अंशांवर. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीचं तापमान ३० च्या पुढे जातं, तेव्हा मुरवलेली बाटलीही थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी लागते. बर्फ मात्र नको.

नाक ग्लासात खुपसणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. वाइनच्या सवयीने लोक ग्लास गरगर फिरवतात आणि नाक आत घालून जोरात श्वास ओढतात. चाळीस टक्क्यांच्या पेयात यामुळे अल्कोहोलची लाट थेट आत जाते, नाक बधिर होतं आणि पुढच्या दोन-तीन ग्राप्पा सारख्याच वाटू लागतात. ओतल्यावर ग्लास दोन-तीन मिनिटं तसाच राहू द्या. मग तो हनुवटीपाशी आणून हळूहळू वर घ्या. नाक कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर दूर, तोंड किंचित उघडं, श्वास छोटा. मधे थांबा, साधी हवा घ्या, पुन्हा या.

नाक बधिर झालंच तर कॉफीच्या बिया हुंगत बसू नका. बाहेर मोकळ्या हवेत पाच मिनिटं उभं राहणं जास्त उपयोगी. भेट द्राक्षतोडणीच्या हंगामात असेल तर हे आणखी महत्त्वाचं. सप्टेंबरपासून पुढे भट्ट्या चालू असतात आणि गरम चोथ्याचा वास सगळीकडे भरलेला असतो. भट्टीच्या खोलीत नव्हे, चाखण्याच्या खोलीत किंवा अंगणात चाखा. अत्तर लावून जाऊ नका.

क्रम उलटा लावणं

आधी तरुण, मग सुवासिक द्राक्षांची, मग मुरवलेली, शेवटी आणखी जास्त काळ मुरवलेली, म्हणजे रिझेर्वा. लाकडातली आधी घेतली तर व्हॅनिला आणि मसाल्याच्या चवीपुढे नंतरची तरुण ग्राप्पा पाणचट वाटते, आणि तो तिच्यावर अन्याय आहे. एका बैठकीत चार, फार तर पाच.

इथे लेबलवरचे दोन शब्द नेहमी घोटाळा करतात. 'आरोमातिका' म्हणजे मोस्कातो, त्रामिनेर यांसारख्या मुळातच सुवासिक द्राक्षांची. 'आरोमातिझ्झाता' म्हणजे तयार ग्राप्पात वरून सताप, कॅमोमाइल, ज्येष्ठमध किंवा फळं घातलेली. ही दुसरी कायम सगळ्यांत शेवटी. ज्येष्ठमधाची चव तोंडातून सहज जात नाही.

एका दमात गिळणं, सोबत चकणा घेणं

पहिला घोट मत बनवण्यासाठी नसतोच. चमचाभरापेक्षा कमी घ्या, जिभेवर फिरवा, तोंडाला तयार होऊ द्या. खरा अंदाज दुसऱ्या घोटावर बांधा: पाच-सात सेकंद तोंडात धरा, थोडा गिळा किंवा थुंका आणि मग नाकाने श्वास सोडा. द्राक्ष परत येतं ते या क्षणी. थुंकायला भांडं मागण्यात संकोच नको. गाडी चालवणार असाल तर ते आवश्यकच, कारण इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि नवख्या चालकांना शून्य.

मसाला शेंगदाणे, फरसाण, लोणचं बाजूला ठेवा. तिखटाने चुरचुरणाऱ्या जिभेला अल्कोहोल दुप्पट झोंबतं आणि खापर ग्राप्पावर फुटतं. ग्राप्पा जेवणानंतर घ्यायची असते, त्यामुळे बडीशेप आणि पानही आपल्यासाठी धोक्याचे. आधी ग्राप्पा, मग मुखवास. मधल्या वेळात साधं पाणी आणि बिनमिठाचा पाव. मुरवलेलीसोबत ७० टक्क्यांचं काळं चॉकलेट छान जुळतं, पण चाखून झाल्यावर.

'पहिल्या धारेची' चांगली, हा समज

आपल्याकडे हे कौतुकाने म्हटलं जातं. ग्राप्पात पहिली धार बाजूला काढतात, कारण तिच्यात एथिल ॲसिटेट आणि ॲसिटाल्डिहाइड ही झोंबऱ्या वासाची रसायनं जास्त असतात. शेवटची धारही काढतात, ती तेलकट असते. बाटलीत जातो तो मधला भाग. हे छाटणं कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं, यात गाळणाऱ्याचं खरं कसब. छाट चुकली की ग्लासात लगेच कळतं:

- नेलपॉलिश किंवा गोंदाचा वास: पहिली धार जास्त मिसळली, किंवा चोथा गाळण्याआधी हवेत पडून आंबला.
- उकडलेला कोबी, ओला कुत्रा, खवट तेल: शेवटची धार उशिरा तोडली.
- बुरशी, ओला पुठ्ठा: चोथा नीट साठवला नाही, किंवा बूच खराब. त्याच ग्राप्पाची दुसरी बाटली उघडून बघा. तिच्यात वास नसेल तर दोष बुचाचा.
- करपल्याचा वास: चोथा भट्टीत तळाला लागला. वाफेवर किंवा गरम पाण्याच्या वेढ्यात गाळल्यास हा धोका टळतो. आतून भाजलेल्या लाकडी पिंपाचा वास गोडसर असतो, तो दोष नव्हे.
- ओठांना चिकटणारा गोडवा: साखर. कायद्याने लिटरला २० ग्रॅमपर्यंत चालते, पण कधी कधी ती उणिवा झाकते.

खात्री हवी असेल तर दोन थेंब हाताच्या पालथ्या बाजूवर चोळा. अल्कोहोल उडाल्यावर मनुका, फूल, सुका मेवा असा वास राहिला तर माल चांगला, खवट राहिला तर नाही. रिकामा ग्लास अर्ध्या तासाने हुंगणं ही याहून कडक परीक्षा.

पाण्याचे थेंब टाकल्यावर ग्राप्पा ढगाळली तर घाबरू नका. अल्कोहोल कमी झालं की त्यात विरघळलेले तेलकट घटक सुटे होतात. फ्रिजमध्ये ढगाळलेली बाटली खोलीत ठेवल्यावर सहसा निवळते.

रंग पाहून वय ठरवणं

गडद म्हणजे जुनी, असं नाही. मुरवलेल्या ग्राप्पात कॅरॅमल घालायला परवानगी आहे. रंग सोडा, लेबल वाचा. 'इन्वेक्कियाता' म्हणजे लाकडात किमान १२ महिने, 'रिझेर्वा' किंवा 'स्त्रावेक्किया' म्हणजे किमान १८. एकाच द्राक्षाच्या ग्राप्पाची वाट नोनिनो घराण्याने १९७३ मध्ये पिकोलित द्राक्षाने मोठी केली. आज लेबलवर तसा दावा असेल तर किमान ८५ टक्के चोथा त्याच जातीचा हवा. आणखी एक गोष्ट बघा: बाटली कोणी भरली यासोबत ग्राप्पा कोणी गाळली हेही लिहिलंय का. फक्त भरणाऱ्याचं नाव असेल तर माल दुसरीकडून आलेला असू शकतो.

लेबल नसलेली, कुणाच्या तरी घरी गाळलेली बाटली कितीही प्रेमाने दिली तरी नाकारा. सालीतल्या पेक्टिन या घटकापासून मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल तयार होतं. परवानाधारक भट्टीत ते तपासून मर्यादेत ठेवलं जातं, घरी ही तपासणी होत नाही.

बाटली आडवी ठेवणं

वाइनची सवय इथे नडते. चाळीस टक्क्यांचं अल्कोहोल बूच खातं आणि बुचाचा वास आत उतरतो. बाटली उभी, अंधारात, उन्हापासून दूर. उघडल्यावर मोस्कातोसारखी सुवासिक ग्राप्पा काही महिन्यांत संपवा, कारण वास आधी तिचाच उडतो. बाटली निम्म्याहून खाली गेली की छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा.