जुन्या पीसीवर मुस्तफा खेळायचाय? मग या चुका टाळा

माळ्यावरचा कोअर टू ड्युओ पीसी खाली काढला, धूळ झटकली, पेनड्राइव्हवर बाटोसेरा (मुस्तफासारखे पार्लरचे जुने गेम चालवणारी सिस्टिम) टाकलं आणि बघतो तर काळी स्क्रीन. दोन रात्री डोकं खाल्ल्यावर कळलं की पीसी बिचारा धडधाकट होता, घोळ सगळा माझाच.

पहिला घोळ म्हणजे बाटोसेराची इमेज फाइल नुसती कॉपी-पेस्ट केलेली. गाणी नाहीयेत ती! एचर नावाच्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर लिहावी (फ्लॅश करावी) लागते, तरच पेनड्राइव्हवरून बूट होतं. एवढं करूनही दरवेळी विंडोजच उघडत असेल आणि तारीख पण कुठल्यातरी जुन्या सालात जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेलाय, तो बदला, नाहीतर बायोसमधली (पीसी सुरू करणाऱ्या प्रोग्राममधली) बूट सेटिंग रोज पुसली जाणार.

आता मुस्तफा. म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण पार्लरमध्ये हे नाव घेतलं असतं तर पोरं हसली असती. इथेच सगळे अडकतात. आर्केडची, म्हणजे पार्लरच्या गेमची झिप फाइल (यालाच रॉम म्हणतात) उघडायची नाही आणि नावाला हातही लावायचा नाही. मी हौसेने 'डिनो' खोडून 'मुस्तफा' केलं आणि गेम उघडेचना, कारण इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) त्या नावावरूनच गेम ओळखतो. दुसरं म्हणजे रॉमचा सेट आणि इम्युलेटरचं व्हर्जन जुळायला हवं. मेम २००३ प्लस हा आर्केड इम्युलेटर जुन्या पीसीला झकास, पण तो मूळचा मेमच्या ०.७८ व्हर्जनचा, त्याला आजचा सेट दिलात तर बरेच गेम रुसतात. निओ जिओ या मशीनचे गेम असतील तर निओजिओची बायोस झिप पण लागते, तीही न उघडता. रॉम कुठून आणायचे ते मला विचारू नका, कॉपीराइट आहे त्यावर.

प्लेस्टेशनच्या गेममध्ये बिन फाइलचं (हिच्यात गेमचा डेटा असतो) नाव बदललं की तिचं नाव लिहिलेल्या क्यू फाइलला ती सापडत नाही. क्यू नोटपॅडमध्ये उघडा, आत जुनंच नाव दिसेल, तिथेपण बदला. पीएस २ ची आशा मात्र सोडा.

गेम अडखळत असेल तर आधी शेडर (चित्रावरचे इफेक्ट) बंद करा. बटण दाबल्यावर उडी उशिरा पडत असेल तर दोष बहुतेक टीव्हीचा, गेम मोड लावा. मी उगाच नवीन जॉयस्टिक घेऊन बसलो.