लॅम्बो फील्डवर डिसेंबरची मॅच कशी बघावी: आधी पाय सांभाळा

अमेरिकन फुटबॉलची एकच मॅच प्रत्यक्ष बघायची असेल, तर ती विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे पॅकर्स या संघाची बघा, त्यांच्या लॅम्बो फील्ड या उघड्या स्टेडियमवर बघा आणि डिसेंबरात बघा. छप्पर असलेल्या, आत हीटर चालू असलेल्या स्टेडियममध्येही मी मॅच बघितल्या आहेत. तिथे खेळ तोच असतो, पण गाव नसतं. ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव आणि हा संघ कुणा एका धनिकाचा नाही. पाच लाखांहून जास्त भागधारकांचा आहे. त्या शेअरवर लाभांश मिळत नाही आणि तो बाजारात विकताही येत नाही. तरीही लोक तो फ्रेम करून भिंतीवर लावतात. अशा लोकांच्या मधोमध बाकावर बसून मॅच बघण्यातली मजा टीव्हीवर येत नाही.

मी शिकागोजवळ राहतो. बरीच वर्षं दर हिवाळ्यात एकदा तरी जातो, आणि भारतातून आलेल्या नातेवाइकांना, मित्रांना घेऊन जातो. प्रत्येकाला आधी कुणीतरी तोच सल्ला दिलेला असतो: 'भरपूर थर घाला'. या सल्ल्याने लोक हमखास फसतात. अंगावर चार थर असतात आणि तिसऱ्या क्वार्टरला (मॅचचे चार क्वार्टर, म्हणजे चार भाग असतात) माणूस उठून जातो, तो पायांमुळे. म्हणून पायांबद्दल सविस्तर लिहितो, बाकीचं थोडक्यात.

१. तारीख

वेळापत्रक मे महिन्यात येतं. दुपारी बाराची मॅच निवडा. डिसेंबरात तिथे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे दुपारच्या मॅचला निदान उजेड तरी असतो. मोसमाच्या शेवटच्या आठवड्यांत मॅचची वेळ, कधी कधी दिवसही, बदलतो. त्यामुळे रद्द करता येणार नाही असं हॉटेल किंवा विमान घेऊ नका.

२. तिकीट

पॅकर्सची सीझन तिकिटं, म्हणजे अख्ख्या मोसमाची, १९६० पासून सगळी विकली गेलेली आहेत आणि प्रतीक्षायादीत लाखाच्या वर नावं आहेत. आपल्याला पुनर्विक्रीचंच तिकीट मिळणार. ते अ‍ॅपमधून तुमच्या नावावर रीतसर आलं तरच पैसे द्या. बारकोड सारखा बदलत असतो, त्यामुळे स्क्रीनशॉट गेटवर चालत नाही. स्टेडियमबाहेर हातात कागद धरून उभ्या असलेल्या माणसाशी बोलूही नका.

जागा निवडताना सगळे 'मैदानाच्या किती जवळ' हे बघतात. मी ऊन बघतो. मैदान उत्तर-दक्षिण आहे, त्यामुळे दुपारचं ऊन पूर्वेकडच्या स्टँडवर येतं. उणे दहामध्ये त्या कोवळ्या उन्हाचीही किंमत कळते.

३. जाणं, राहणं

मिलवॉकीहून गाडीने दोन तास, शिकागोहून साडेतीन. ग्रीन बेमध्ये मॅचच्या दिवशी खोल्यांचे भाव अवाच्या सवा चढतात. दक्षिणेला पन्नास किलोमीटरवर ॲपलटन आहे, तिथे राहा. गाडी स्टेडियमच्या आसपासच्या घरांच्या अंगणात लावा. रहिवासी पाटी घेऊन रस्त्यावर उभेच असतात, त्यांच्यासाठी रोख पैसे जवळ ठेवा. स्टेडियमच्या आत मात्र रोख चालत नाही, कार्डच लागतं.

४. बॅग

पारदर्शक प्लास्टिकची घ्या, नाहीतर गेटवरून परत गाडीपर्यंत चालावं लागेल.

५. पाय

आता खरं काम. लॅम्बोमध्ये बहुतेक जागा म्हणजे ॲल्युमिनियमचे लांबलचक बाक आहेत, खुर्च्या नाहीत. बाकावर आकडा रंगवलेला असतो आणि दोन आकड्यांमध्ये जेमतेम दीड फूट अंतर असतं. जाड कोट घातलेल्या माणसांनी ओळ भरली की खांद्याला खांदा लागतो. ते बरंच आहे, त्याने ऊब राहते. पायांखाली मात्र काँक्रीट. मॅच तीन तासांहून जास्त चालते आणि आपण आत त्याच्याही तासभर आधी जातो. या खेळात मध्ये मध्ये थांबणं फार. साठ मिनिटांच्या घड्याळात चेंडू प्रत्यक्ष हलतो तो जेमतेम दहा-बारा मिनिटं. म्हणजे चार तास तुम्ही गोठलेल्या काँक्रीटवर पाय टेकवून जवळजवळ स्तब्ध असता. खालून ऊब शोषली जाते ती सतत, आणि वर कितीही थर असले तरी त्यावर उपाय होत नाही.

पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. धावायचे बूट, त्यात सुती मोज्यांचे दोन जोड, तापमान उणे चौदा. हाफटाइमला डाव्या पायाची बोटं दुखत होती. तिसऱ्या क्वार्टरला दुखणं थांबलं. मला वाटलं, बरं झालं. उठून पायऱ्या चढायला लागलो तर पाऊल कुठे पडतंय तेच कळेना. बूट काढला तेव्हा बोटं पांढरीफटक होती, मेणासारखी. उरलेली मॅच मी आतल्या व्हरांड्यात, भिंतीला टेकून ऐकली. वर ऐंशी हजार लोक गर्जत होते आणि काय झालं ते मला समजत नव्हतं. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. म्हणून ठासून सांगतो: थंडीत दुखायचं थांबलं की ते बरं होण्याचं लक्षण नाही. ताबडतोब उठा आणि आत जा.

मोज्यांचे दोन जाड जोड घालू नका, हा सर्वांत वाईट सल्ला आहे. बूट घट्ट होतो, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि पाय उलट लवकर गार पडतो. आत एक पातळ मोजा, त्यावर एकच जाड लोकरीचा, आणि बूट नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. सुती मोजा अजिबात नको, तो घाम धरून ठेवतो.

घाम ही दुसरी गोष्ट. मॅचआधी दोन-तीन तास पार्किंगमध्ये टेलगेट चालतं: शेगडीवर ब्राट सॉसेज, चीज कर्ड्स, गाडीच्या डिकीभोवती गप्पा. आपण हिंडतो, पाय घामेजतात, आणि तेच ओलसर मोजे घालून आत जाऊन बसतो. मला हे कळायला दोन हिवाळे लागले. आता मी कोरडे मोजे गाडीत ठेवतो आणि गेटकडे निघायच्या अगदी आधी, गाडीत बसून, पाय पुसून बदलतो. या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा महागड्या बुटांनीही पडला नाही.

उष्णतेच्या पुड्या लोक भरपूर घेतात आणि मग त्या चालल्या नाहीत म्हणतात. त्यांत लोखंडाची भुकटी असते. हवा लागली की ती गंजते आणि त्यातून ऊब निघते. हाताची जाड पुडी घट्ट बुटात कोंबली तर हवाच मिळत नाही, ती दगडासारखी होते. बोटांसाठी वेगळ्या, पातळ, चिकटणाऱ्या पुड्या मिळतात. त्या पंधरा-वीस मिनिटं आधी उघडा आणि मोज्यावर बोटांच्या वरच्या बाजूला चिकटवा. तळव्याखाली लावल्या तर वजनाने दबून जातात.

आणि पुठ्ठा. हसू नका, शेजारच्या ओळीतल्या सत्तरीच्या आजींकडे बघा, त्यांच्या पायाखालीही तो असतो. मोठ्या खोक्याचा जाड पुठ्ठा दोन पदरी दुमडून काँक्रीटवर टाका आणि पाय त्यावरच ठेवा. बर्फ पडलेला असेल तर आधी बुटाने जागा नीट साफ करा, नाहीतर पुठ्ठा भिजून लगदा होतो. सपाट पुठ्ठ्याला मला गेटवर कधी कुणी अडवलेलं नाही, तरी निघण्याआधी आत काय नेता येतं ती यादी वाचून घ्या.

बाकावर बसायला मी सोलापूरकडची घोंगडी नेतो, घडी करून खांद्यावर टाकून. धनगराच्या पाठीवर जी पावसात टिकते ती ॲल्युमिनियमवरही टिकते. गेल्या खेपेला माझे सासरे सोबत होते, कराडचे निवृत्त शिक्षक, वय ६८, बर्फ पहिल्यांदाच बघत होते. कानटोपी, घोंगडी, पुठ्ठा, कोरडे मोजे. उणे अकरात शेवटच्या शिट्टीपर्यंत बसले. मी तीनदा विचारलं, "बाबा, आत जाऊया का?" तिसऱ्यांदा म्हणाले, "पाय गरम आहेत माझे. तू खेळ बघ."

दारूने ऊब येते असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. त्वचेकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, आणि तीच ऊब बाहेर निघून जाते. वारा धरून जाणवणारी थंडी उणे तीसच्या खाली गेली तर उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. अशा दिवशी लहान मुलांना नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

६. आत गेल्यावर

फोन आतल्या खिशात, अंगालगत. थंडीत बॅटरी बघता बघता बंद पडते आणि तिकीट त्यातच असतं.

नियम फार लागत नाहीत. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांना. एक रीत मात्र आपल्याला उलटी वाटते. वानखेडेवर आपला फलंदाज खेळत असताना आपण गळा फाडून ओरडतो. इथे पॅकर्सकडे चेंडू असेल तेव्हा गप्प राहायचं, कारण क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चढाई चालवणाऱ्या खेळाडूच्या, सूचना त्याच्या साथीदारांना ऐकू जायला हव्यात. प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू गेला की छप्पर नसलेलं ते स्टेडियम दणाणून सोडायचं. टचडाउननंतर, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेल्यावर, खेळाडू कठड्यावरून थेट प्रेक्षकांत उडी मारतो, ती प्रथा पॅकर्सच्या लेरॉय बटलरने २६ डिसेंबर १९९३ ला सुरू केली.

हाफटाइमला सगळ्यांबरोबर उठू नका, रांगेतच वेळ जातो. दुसऱ्या क्वार्टरला दोनेक मिनिटं उरली की पाय मोकळे करायला जा. मैदानाकडे बघताना ३१ डिसेंबर १९६७ आठवा. इथेच, उणे २५ अंशांत, पंचांच्या शिट्ट्या ओठांना चिकटत असताना, शेवटची सोळा सेकंदं उरली असता पॅकर्सचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार याने स्वतः चेंडू घेऊन मुसंडी मारली आणि डॅलस काउबॉइज २१-१७ हरले. त्या दिवशीही लोक बाकांवर बसून होते.

७. परतताना

गाडीत बसल्यावर बूट काढून पाय हीटरच्या तोंडाशी धरू नका, हॉटेलवर कढत पाण्यातही बुडवू नका. बधिर पायाला चटका कळत नाही, भाजल्यावर कळतं. कोरडे मोजे चढवा, घोंगडीत गुंडाळा आणि पाऊण तास गाडी तिथेच राहू द्या. तसंही गल्लीतून बाहेर पडायला तेवढा वेळ लागतोच.