मैदान आणि रियाझ एकत्र सांभाळताना या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या गायनवर्गात एकच वाक्य वरचेवर कानावर पडते : "सर, आज यायला जमणार नाही, शाळेत खो-खोचा सराव आहे." ऐन गणपतीच्या तोंडावर त्यात ढोल पथकाच्या तालमीची भर पडते, आणि दसऱ्यापर्यंत घरोघरी वाद सुरू होतो की मुलाचे गाणे थांबवावे की खेळ. दोन्हींतले एक सोडण्याची वेळ खरोखर फार थोड्या मुलांवर येते, असे इतकी वर्षे शिकवल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे. वेळ बहुधा पुरतो. चुकतो तो क्रम, दिवसातला आणि वर्षातलाही.

वर्षाची मांडणी न करणे

ही चूक सर्वांत महागात पडते. कर्नाटकातील शाळा मे महिन्याच्या अखेरीस उघडतात आणि पहिले दोन महिने तसे सैल जातात; मात्र त्यानंतर तालुका पातळीवरच्या क्रीडा स्पर्धा, प्रतिभा कारंजी ही शालेय कलास्पर्धा, सहामाही परीक्षा आणि गणेशोत्सव हे सगळे एकमेकांच्या पाठोपाठ येऊन आदळते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. शाळेच्या संघात खेळणारे मूल नोव्हेंबरच्या सत्राला बसवले, तर राग पक्के करण्याचे महिने आणि स्पर्धांचे महिने तेच ठरतात, आणि मग परीक्षेच्या आधी पंधरा दिवस ताना पाठ करून घेण्याची वेळ येते. अशा मुलाने एप्रिल-मेचे सत्र निवडावे. डिसेंबर ते मार्च हा काळ त्याच्या हाताशी असतो, थंडीमुळे पहाटेचा रियाझही चांगला होतो.

दहावीला मात्र हे गणित बदलते. ६२५ गुणांची एसएसएलसी परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये असल्याने त्या वर्षी संगीताची परीक्षा देऊच नये, असे मी पालकांना स्पष्ट सांगतो. रोजचा वीस मिनिटांचा रियाझ तेवढा चालू ठेवावा, कारण वर्षभर बंद पडलेला गळा पुन्हा लावायला तितकेच कष्ट पडतात.

मैदानावरून थेट तंबोऱ्यापुढे बसणे

गेल्या पावसाळ्यात नववीतली एक मुलगी उचगावकडून बसने येत असे. शाळेच्या मैदानावर खो-खो खेळून ती थेट वर्गात यायची. गुडघ्यांपर्यंत तांबडी माती, भिजलेली वेणी, आणि "सा" लावला की तो चौथ्या-पाचव्या क्षणाला थरथरायचा. ती स्वतःला दोष देत होती, घरचे म्हणत होते की हिचे गाण्यात लक्ष नाही. वास्तविक धावून आल्यावर श्वास छातीच्या वरच्या भागातच चालू असतो, घसा कोरडा पडलेला असतो, आणि तासभर सवंगड्यांना ओरडून हाका मारल्याने स्वरतंतूंवर ताण आलेला असतो. त्या अवस्थेत तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या "सा"कडे, जाणे म्हणजे आवाजाला इजा करून घेणे आहे.

आम्ही केलेला बदल अगदी साधा होता. खर्जाचा, म्हणजे खालच्या स्वरांचा, रियाझ सकाळी शाळेपूर्वी अर्धा तास घरीच करायचा. वर्गाच्या दिवशी आल्यावर हातपाय धुऊन, कोरडे कपडे घालून, दोन पेले पाणी पिऊन अर्धा तास इतरांचे गाणे नुसते ऐकत बसायचे आणि मग मंद्र म्हणजे खालच्या सप्तकापासून सुरुवात करायची. मैदानावर हाकांऐवजी टाळीचा इशारा वापरायला तिने स्वतःच मैत्रिणींना शिकवले. महिन्याभरात तिचा षड्ज स्थिर झाला.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. साधारण बारा ते पंधरा या वयात आवाज फुटतो, स्वरयंत्र वाढत असते, आणि काल सहज लागणारी पट्टी आज लागत नाही. या काळात पट्टी उतरवावी, जोर करू नये, मैदानावरचे ओरडणेही आवरावे. कबड्डीत दम टिकतो म्हणून वेगळ्या रियाझाची गरज नाही, असे काही खेळाडू मुले मानतात. दमसास वाढतो हे खरे, पण घसा आवळून केलेला तो उच्चार खर्जाची जागा घेऊ शकत नाही.

दुखापत लपवणे

तबला शिकणाऱ्या एका मुलाने लेदर बॉलचा झेल घेताना अनामिका मुरगाळून घेतली. संघातून काढतील म्हणून त्याने शाळेत सांगितले नाही, तबला बंद होईल म्हणून माझ्यापासूनही लपवले. दहा दिवस तो सुजलेल्या बोटाने तिरकिट वाजवत राहिला आणि पंधरा दिवसांत बरे होणारे बोट दोन महिने आखडले. हे मला वेळीच दिसले नाही याचे आजही वाईट वाटते. ताज्या मुरगळीवर तेल लावून चोळू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे धरावा, आणि बोट वाकत नसेल किंवा सूज उतरत नसेल तर एक्स-रे काढून घ्यावा. त्या दिवसांत तबल्यावर हात ठेवण्याची गरज नसते. पढंत करावी, म्हणजे हातावर टाळी-खाली धरून कायदा (तबल्यातली ठरलेली बोलरचना) तोंडाने म्हणावा. लय त्यातूनच पक्की होते.

झोपेतून वेळ काढणे

तेरा ते अठरा वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. पहाटे पाचला उठवायचे असेल तर रात्री नऊला दिवा मालवावा लागेल, आणि हा नियम घरातल्या टीव्हीलाही लागू करावा. जुलैमध्ये चिखलामुळे सराव रद्द झाला की तो वेळ मोबाइलवर जातो. तोच रियाझाला द्यावा.

दोन शिक्षकांची गाठ न घालणे

खेळाच्या सरांना गाण्याचा वर्ग माहीत नसतो आणि गाण्याच्या सरांना सामन्याची तारीख. ओढाताण मुलाच्या वाट्याला येते आणि मग ते खोटी कारणे सांगू लागते. पालकांनी जूनमध्येच दोघांना भेटून वेळापत्रकाचा एकच कागद दोन्हीकडे द्यावा.

या भेटीत काही पालक मोठी नावे काढतात. जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व लहान वयातच मुंबईला प्रा. देवधरांकडे गाणे शिकायला गेले. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक मिळवले. ही नावे अभिमानाने घ्यावीत, पण तेवढ्यावरून आठवीतल्या मुलाला आजच एक निवडायला लावू नये. ज्याचा ओढा इतका तीव्र असतो, ते मूल स्वतःच दुसरे काम कमी करू लागते, आणि ते आपल्या नजरेतून सुटत नाही. खो-खो खेळणाऱ्या त्या मुलीने यंदा वहीच्या पहिल्या पानावर बारा चौकटी आखल्या आहेत : ऑगस्टच्या चौकटीत "तालुका", एप्रिलच्या चौकटीत "प्रवेशिका पूर्ण" ही गाण्याची परीक्षा. खाली दोन्ही सरांच्या सह्या आहेत.